ताशी अडीच किलोमीटर

धडकसाहेबांना आपली गाडी फक्त चार फूट पुढे घ्यायची होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. लोक म्हणतात, माणसाला हाव सुटते आणि मग तो गोत्यात येतो. साहेबांना कसलीही हाव नव्हती. चार फूट. एवढ्याशा अंतरासाठी माणूस पायात चप्पलसुद्धा नीट घालत नाही, आणि साहेबांनीही ती नीट घातलेली नव्हती.

धडकसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते विमा कंपनीत होते. दोन गाड्या एकमेकींना भिडल्या की तिथं जायचं आणि कुणी कुणाला, कुठून, किती जोरात ठोकलं याचा अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांची नजर इतकी तयार झाली होती, की पोचा बघून ते वेग सांगत. सोसायटीतल्या कुणाच्या गाडीला ओरखडा जरी आला, तरी तो मनुष्य आधी साहेबांची बेल वाजवायचा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा स्टीलचा डबा आणून दाखवला होता. तो पडला की सुनेनं आपटला, एवढंच त्यांना हवं होतं. साहेबांनी डबा उलटासुलटा करून 'पडला' असा निर्वाळा दिला आणि एका घरात शांतता नांदली. अशा माणसाला आपल्या शब्दाचा थोडा अभिमान वाटला, तर त्याला नावं ठेवू नयेत. त्याची शिक्षा पुढे होतेच.

तर चार फुटांचं कारण असं. तळमजल्यावर साहेबांच्या गाडीच्या बरोबर वरून एक पाइप जात होता आणि त्याच्या सांध्यातून दर अर्ध्या मिनिटाला चुनखडीच्या पाण्याचा एक थेंब बॉनेटवर पडत होता. साहेबांनी सोसायटीकडे तीन अर्ज केले. पहिला गहाळ झाला. दुसरा 'पाहिले' असा शेरा होऊन परत आला. तिसऱ्याला सेक्रेटरींनी रीतसर लेखी उत्तर दिलं, की पाइप सामाईक असला तरी गाडी वैयक्तिक आहे, सबब थेंबाचं पडणं हे सामाईक जागेत सुरू होत असलं तरी तिथं पूर्ण होत नाही. या वाक्याला काय उत्तर द्यावं हे साहेबांना आजतागायत सुचलेलं नाही.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. काकू म्हणाल्या, बॉनेटवर बादली ठेवा. बादली ठेवली, तिसऱ्या दिवशी ती भरली आणि चौथ्या दिवशी चोरीला गेली, तीसुद्धा पाण्यासकट. सोसायटीचे अध्यक्ष, जे निवृत्त हेडक्लार्क होते आणि निवृत्ती हा एक हुद्दा आहे असं समजून वागत, ते म्हणाले, "गाडी विकून टाका. थेंब आपोआप बंद होईल." शेवटी साहेबांनीच विचार केला की पाइप हलत नाही, सेक्रेटरी हलत नाहीत, तर गाडी हलवावी. आता गाडी महिनाभर उभी असल्यामुळे बॅटरी उतरली होती आणि मेकॅनिक रोज 'उद्या येतो' म्हणत होता. पण चार फुटांसाठी इंजिन कशाला लागतं? न्यूट्रलला टाकायची आणि ढकलायची.

रविवारी दुपारी तीन वाजता, सगळी सोसायटी जेवून आडवी झालेली असताना साहेब एकटेच खाली आले. एकटे अशासाठी की अंगावर बनियन आणि लेंगा होता. त्यांनी हँडब्रेक सोडला आणि उघड्या दारापाशी उभं राहून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून जोर लावला. गाडी हलली नाही. दोनदा झालं, तीनदा झालं. साहेबांची गाडी जुन्या घडणीची, वजनानं अकराशे किलो, आणि पुढे साहेबांनी हौसेनं जाड लोखंडी गार्ड बसवून घेतलेला. गार्डावर रबराची पट्टी होती, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचा रंग खरवडला जाऊ नये. इतका विचार फारसा कुणी करत नाही.

मग साहेब मागे गेले आणि डिकीला पाठ लावून, भिंतीला पाय रेटून त्यांनी सगळं बळ एकवटलं. गाडी हलली. एक वीत, दोन वीत, एक फूट. साहेबांना आनंद झाला. या वयात अकराशे किलो, तेही दुपारच्या जेवणावर. चार फूट झाल्यावर त्यांनी ढकलायचं थांबवलं आणि घाम पुसला. गाडीनं मात्र थांबायचं काही चिन्ह दाखवलं नाही. तळमजल्याच्या फरशीला गटाराच्या बाजूनं अगदी थोडा उतार दिलेला होता, डोळ्यांना न दिसणारा, आणि तो फक्त गाडीलाच दिसला.

वेग फार नव्हता. जेवणानंतर शतपावली करणारा माणूस चालतो तेवढा, फार तर ताशी अडीच किलोमीटर. साहेब सहज पुढे जाऊन, दारातून हात घालून ब्रेक ओढू शकले असते. ते निघालेही, पण डावी चप्पल निसटली, साहेब तिच्यासाठी अर्धा क्षण थांबले, आणि बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अहवालात 'चालकाचे लक्ष क्षणभर विचलित झाले' असं लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत गाडी आपला लोखंडी गार्ड पुढे करून, आडव्या उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या नव्या गाडीच्या मागच्या दाराला जाऊन भिडली आणि हातभर मागे येऊन थांबली.

आवाजही मोठा झाला नाही. 'बुक्' असा झाला. पण दार आत गेलं. सेक्रेटरींची गाडी आठ दिवसांपूर्वी आलेली होती. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. साहेबांच्या गाडीला काही म्हणजे काहीही झालं नव्हतं. रबराच्या पट्टीनं आपलं काम चोख केलं होतं.

साहेब तिथं बनियनवर उभे राहिले. पहिला विचार आला तो, आता वर जाऊन सांगावं, हाच. हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं, कारण यानंतर त्यांच्या बाजूनं नोंदवण्यासारखं फारसं काही घडलेलं नाही. तेवढ्यात फाटकातून पाण्याच्या जारची हातगाडी आत आली. ती ढकलणारे मामा पंचावन्न-साठीचे होते, एका गुडघ्यानं अधू, आणि सोसायटीच्या अठ्ठेचाळीस घरांत गेली सहा वर्षं वीस लिटरचे जार पोचवत होते. साहेब पटकन वळले आणि त्या पोच्याला पाठ लावून उभे राहिले.

"काय झालं साहेब? गाडी बंद पडली का?"

"हो. म्हणजे, बॅटरी. मागे घ्यायची होती जागेवर."

"मग सांगायचं ना. एकट्यानं कशाला ढकलता?" मामांनी हातगाडी बाजूला लावली आणि साहेबांच्या जोडीनं गार्डाला खांदा दिला. दोघांनी मिळून गाडी पुन्हा त्या थेंबाखाली नेऊन उभी केली. मामांनी चाकाखाली वीट लावली, गुडघा चोळला आणि जार घेऊन वर गेले.

साहेब शर्ट घालून दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींच्या बायकोनं दार किलकिलं केलं.

"ते झोपलेत. काही खास होतं का?"

"नाही," साहेब म्हणाले. "सहजच आलो होतो."

सहजच. जन्मात कधी ते सेक्रेटरींकडे सहज गेले नव्हते. जिना उतरताना त्यांना वाटलं, संध्याकाळी सांगू. झोपमोड करून वाईट बातमी देणं बरं नाही.

संध्याकाळी सहाला खालून आरडाओरडा ऐकू आला. साहेब तोंडात वाक्य तयार ठेवून खाली धावले. 'सेक्रेटरीसाहेब, चूक माझी आहे.' पाच शब्दसुद्धा नाहीत. खाली पंधरावीस माणसं गाडीभोवती जमली होती. साहेबांना बघताच सगळ्यांनी वाट करून दिली आणि सेक्रेटरींनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

"आलात? बरं झालं. मी यांना तेच म्हणत होतो, की कुणी केलं याची चिंता नको, आपले धडकसाहेब आहेत."

"मी तेच सांगायला..."

"बॅटरी द्या रे साहेबांना," अध्यक्ष म्हणाले, आणि कुणीतरी साहेबांच्या हातात टॉर्च दिला. कॅमेऱ्याचा प्रश्नच नव्हता. सोसायटीचा कॅमेरा रंगकामाच्या वेळी भिंतीकडे वळवला गेला होता आणि तो सरळ करण्याचा ठराव गेल्या वर्षी सर्वानुमते पुढे ढकलला होता. वीस माणसं साहेबांकडे बघत होती. त्या नजरांत इतका विश्वास होता, की साहेबांच्या तोंडातलं वाक्य तोंडातच विरघळलं. ते खाली वाकले आणि स्वतःच पाडलेला पोचा टॉर्चच्या उजेडात तपासू लागले.

"लेखी द्या साहेब," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचं लेखी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

आता इथं साहेबांची एक अडचण समजून घ्यायला हवी. खोटा अहवाल त्यांच्या हातून लिहिलाच जात नाही. ती चांगुलपणाची गोष्ट नव्हे, हाताला लागलेलं वळण आहे. त्यांनी ठरवलं असं, की कुणाचंच नाव येणार नाही असं काहीतरी गुळमुळीत लिहावं आणि 'अज्ञात' म्हणून प्रकरण संपवावं. पण कागद पुढे आला आणि पेन चालू लागलं. 'धडक अत्यंत कमी वेगाची. धडकणारी वस्तू जड, चाकांवर चालणारी, धडकेच्या वेळी इंजिनाच्या नव्हे तर मनुष्यबळाच्या जोरावर गतिमान. पुढील भागी आडवी लोखंडी दांडी, जमिनीपासून अठरा इंच, रबराने आच्छादित. थांबवण्याचा प्रयत्न उशिरा व अपुरा.' खाली सही. एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी दोनदा वाचून बघितलं आणि त्यांचं समाधान झालं, की यातून कुणालाही काहीही कळणार नाही.

सेक्रेटरींना दीड मिनिटात कळलं.

"हातानं ढकलायची, जड, पुढे दांडी, दांडीवर रबर," त्यांनी बोटांवर मोजलं. "जारवाला."

मामांच्या हातगाडीला पुढे लोखंडी दांडी होती. तिच्यावर, फरशीचे कोपरे उडू नयेत म्हणून, सायकलच्या जुन्या टायरचं रबर गुंडाळलेलं होतं. उंची काकूंनी टेप लावून मोजली. साडेसतरा इंच.

"अर्धा इंच काय, हवा भरली की होतो," अध्यक्ष म्हणाले.

साहेब तिथंच होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं. "मी नाव घेतलेलं नाही," ते म्हणाले.

"तोच तुमचा मोठेपणा," सेक्रेटरी म्हणाले.

मामांना बोलावलं. मामांनी अहवाल ऐकला, पोच्याकडे पाहिलं, मग थोडा वेळ साहेबांकडे पाहिलं. "माझ्या गाडीनं नाही झालं," एवढंच ते म्हणाले. अध्यक्षांनी त्यांना कागद दाखवून विचारलं, की तुमचं खरं मानायचं की बावीस वर्षांच्या अनुभवाचं. दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस लागली, की सदर जारवाल्यास सोसायटीच्या आवारात प्रवेश बंद.

साहेबांना त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि नंतरचे दिवस तर विचारूच नका. लिफ्टमध्ये लोक त्यांना वाट देत. कुणी म्हणे, काय नजर आहे साहेब तुमची. साहेबांना आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि वरून ते मान हलवायचे. नव्या जारवाल्यानं वर यायला नकार दिला, त्यामुळे लोक फाटकापासून स्वतः जार वाहू लागले. लिफ्टमध्ये 'सामानास मनाई' अशी पाटी सेक्रेटरींनीच लावलेली होती. साहेबांनी चौथ्या मजल्यावर न्यायला वीस लिटरचा जार एकदा खांद्यावर घेतला आणि ते तिसऱ्या मजल्यावरच बसले. मामा दोन-दोन जार नेत असत, अधू गुडघ्यानं. ते साहेबांना तिथं बसल्या बसल्या आठवलं. तरीही ते सेक्रेटरींकडे गेले नाहीत. उद्या जाऊ म्हणाले. मेकॅनिकला शिव्या घालायचा अधिकार त्यांनी इथंच गमावला.

साहेबांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी ती नववीचे पेपर तपासत बसली होती. प्रश्न धडकेचाच होता: अमुक वस्तुमानाची गाडी, तमुक वेग, संवेग काढा.

"अहो, तुमचा तो अहवाल द्या जरा. मुलांना उदाहरण म्हणून सांगते. घरात एवढा तज्ज्ञ असून उपयोग काय?"

साहेबांनी आपल्याकडची प्रत दिली. न द्यायला कारण सुचेना. ती लाल पेनानं वाचत गेली, सवयीनं. अर्ध्यावर तिचं पेन थांबलं.

"आकडे कुठे आहेत?"

"कसले?"

"वस्तुमान किती, वेग किती. तुम्ही प्रत्येक अहवालात लिहिता. यात दोन्ही रकाने कोरे." तिनं पेपराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडायला घेतलं. "हातगाडी साठ किलो. बारा जार, दोनशे चाळीस. झाले तीनशे. एवढ्या वस्तूनं ते दार तसं आत जायला वेग किती हवा? तुम्हीच सांगा, तुम्ही पोचा बघितलाय."

साहेब दारातल्या चपला सरळ लावू लागले.

"ताशी नऊ तरी हवा. म्हणजे मामा पळत आले पाहिजेत. बारा जार घेऊन, त्या गुडघ्यानं." तिनं आणखी एक ओळ लिहिली. "पण तुम्ही लिहिलंय अत्यंत कमी वेग. मग वस्तुमान जास्त पाहिजे. हजार, अकराशे. हातानं ढकललेलं, अकराशे किलो, पुढे दांडी, दांडीला रबर." ती थांबली. तिनं चष्मा काढला. "अहो."

"अगं, मी सांगणारच होतो."

"कधी?"

तिनं अहवालावर लाल अक्षरांत लिहिलं, 'पायऱ्या दाखवलेल्या नाहीत', आणि दहापैकी शून्य दिला. ओरडली नाही. ती ओरडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. पुढच्या पेपराकडे वळताना ती म्हणाली, "तुम्ही नुसतं सही करून कागद पुढे सरकवलात, आणि त्या माणसाची अठ्ठेचाळीस घरं गेली. हळू ढकललं म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि कमिटीची सभा होती. साहेबांनी बोलायची परवानगी मागितली. अध्यक्ष म्हणाले, विषयपत्रिकेवर नाही, तेव्हा 'ऐनवेळचे विषय' यात घेऊ. साहेबांनी गच्चीची कुलपं, जिन्यातले दिवे आणि कबुतरं या तीन विषयांवरची चर्चा ऐकली. मग ते उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "सेक्रेटरींच्या गाडीला मी ठोकलं. मामांनी नाही. माझी गाडी ढकलताना झालं. मी लपवलं."

काकूंनी डोळे पुसले.

"बघा," त्या म्हणाल्या. "गरिबाचं पोट चालावं म्हणून स्वतःवर घेताहेत."

"काकू, मी खरंच..."

"साहेब, तुम्हाला नमस्कार आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण भावनेच्या भरात काहीतरी बोलू नका. तुमचाच अहवाल सांगतो..."

"अहवाल माझ्याच गाडीचा आहे. प्रत्येक शब्द वाचा. जड, हातानं ढकललेली, दांडी, रबर. वेग ताशी अडीच किलोमीटर."

"ताशी अडीच किलोमीटरनं दार असं आत जातं? मी मूर्ख वाटलो का?"

"वेग कमी होता, वजन जास्त होतं," साहेब जवळजवळ रडकुंडीला आले. जन्मभर त्यांनी लोकांना अपराधी नाही असं सिद्ध करताना पाहिलं होतं. अपराधी आहे हे सिद्ध करायला एवढा त्रास पडतो, याची त्यांना कल्पना नव्हती.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. प्रात्यक्षिक करा. तळमजल्यावर सोसायटीचं जुनं लोखंडी कपाट पडून होतं, ते सेक्रेटरींच्या गाडीपुढे उभं करायचं, आणि साहेबांनी त्या दिवशीसारखी गाडी ढकलायची. कपाटाला पोचा आला, तर साहेब दोषी. साहेबांनी हात जोडून सांगितलं, की आधी सेक्रेटरींची गाडी तिथून हलवा. सेक्रेटरी म्हणाले, विमा कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत गाडी इंचभर हलणार नाही, दोन आठवडे मी बसनं जातोय. साहेब म्हणाले, मग मध्ये रिकामं कपाट नको. जड वस्तू हलक्या वस्तूला धडकली की हलकी वस्तू जास्त वेगानं सुटते. अध्यक्ष म्हणाले, "आता तुमचं ज्ञान पुरे."

सगळी सोसायटी खाली जमली. बायकोही आली आणि एका खांबापाशी उभी राहिली. साहेबांनी चाकाखालची वीट काढली, मागे जाऊन पाठ लावली आणि जोर केला. गाडी हलेना.

"जेवला नाहीत का?" काकूंनी विचारलं.

"श्वास सोडू नका, धरून ठेवा," मागून कुणी सांगितलं. "धरू नका, सोडा," दुसरं कुणी म्हणालं. साहेबांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं. आणि मग गाडी निघाली. तसाच संथ, बिनआवाजी वेग. लोक गाडीच्या बाजूनं चालत होते, सहज, गप्पा मारत. "एवढ्यानं काय होणार?" असं अध्यक्ष म्हणत असतानाच गार्ड कपाटाला लागला. 'बुक्.' कपाटाचं पोट आत गेलं, आणि कपाट फरशीवरून सरसर घसरत गेलं ते सेक्रेटरींच्या गाडीच्या पुढच्या दाराला. आता दोन्ही दारं सारखी दिसू लागली.

सगळ्यांना पटलं. सेक्रेटरींनी गाडीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि ते वर निघून गेले. बाकीचेही पांगले. काकू जाता जाता म्हणाल्या, "आणि माझा तो डबा? तो खरंच पडला होता की सुनेनं आपटला होता?" साहेबांनी मान खाली घातली. तो पडलाच होता. पण आता ते सांगून उपयोग नव्हता.

अध्यक्षांनी नोटीस मागे घेतली आणि तसं पत्र लिहून साहेबांच्याच हाती दिलं. साहेबांनी त्याखाली स्वतःच्या हातानं माफीनामा लिहिला, नाव, हुद्दा आणि सहीनिशी, फाटकावर लावायचा म्हणून. सगळं घेऊन ते मामांना शोधत निघाले. खरं सांगायचं तर त्यांना थोडं हलकं वाटत होतं. दोन गल्ल्या पलीकडे एका दुकानाच्या पायरीवर मामा बसले होते. शेजारी हातगाडी, तिच्यावर भरलेले जार. उन्हं उतरली तरी तसेच.

साहेबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पत्र पुढे केलं. माफीनामा वाचून दाखवला. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," मामा म्हणाले.

"काय?"

"तुम्ही पाठ लावून उभे होतात ना. पोचा दोन्ही बाजूंनी दिसत होता, साहेब."

साहेब पायरीवर बसले. "मग तेव्हा का नाही बोललात? सगळ्यांसमोर विचारलं तुम्हाला."

"बोललो ना. माझ्या गाडीनं नाही झालं, म्हणालो." मामांनी गुडघ्यावर हात फिरवला. "तुमचं नाव घेतलं असतं तर कुणी ऐकलं असतं का? उलट आळ घेतो म्हणाले असते. मला वाटलं, साहेब आज बोलतील. मग वाटलं, उद्या बोलतील. सहा दिवस फाटकापर्यंत येऊन बघून जात होतो, नोटीस निघाली का. नंतर नाही आलो."

"हा कागद मी आजच फाटकावर लावतो."

"तो नका लावू."

"अहो, पण लोकांना कळायला हवं."

"कळलंय ना त्यांना. कागद लावला की येता-जाता वाचतील, आणि म्हणतील, या जारवाल्यापायी साहेबांची अब्रू गेली. मला रोज त्याच घरांची दारं वाजवायचीत." मामांनी प्रवेशाचं पत्र तेवढं घडी करून खिशात ठेवलं आणि माफीनामा साहेबांच्या हातात परत दिला. "मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, काय झालं म्हणून. तेव्हा सांगायचं होतंत. दोघं होतो आपण तिथं. मी आलो असतो तुमच्याबरोबर वर, सेक्रेटरींकडे. म्हणालो असतो, ढकलताना झालं हो, साहेबांनी मुद्दाम नाही केलं."

ते उठले, हातगाडीचा दांडा धरला आणि सोसायटीच्या दिशेनं निघाले. साहेब कागद हातात धरून त्यांच्या मागून चालत राहिले.